गोधडीतला नकाशा आणि विल्यम स्टिलची वही

२०२५च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत एक छोटं वादळ उठलं आणि थोड्याच दिवसांत शमलंही. तिथल्या नॅशनल पार्क सर्व्हिस या सरकारी खात्याने 'अंडरग्राउंड रेलरोड'ची माहिती देणाऱ्या आपल्या पानावरून हॅरिएट टबमनचा मोठा फोटो आणि तिचं वाक्य काढून टाकलं. गुलामीतून पळणाऱ्यांना उत्तरेकडे आणि पुढे कॅनडात पोचवणाऱ्या गुप्त साखळीचं हे नाव. टबमन ही तिची सर्वात प्रसिद्ध वाटाडी. फोटोच्या जागी टपाल तिकिटांची चित्रं आली, त्यांतल्या एका तिकिटापुरती टबमन उरली, आणि मजकुरात काळ्या-गोऱ्यांच्या सहकार्याचं कौतुक आलं. वर्तमानपत्रात बातमी आली, ओरड झाली, जुनं पान परत लागलं.

चांगलं झालं. मात्र फोटो काढणाऱ्यांच्या आणि परत लावणाऱ्यांच्या डोक्यात चित्र बहुधा एकच असावं: काळोखी रात्र, खिडकीतला कंदील, तळघराचं दार, दारात एक दयाळू गोरा गृहस्थ आणि त्याच्यासमोर थकलेलं, गप्प काळं कुटुंब. माझी तक्रार या चित्राबद्दलच आहे. त्यात लपाछपी पुरेपूर आहे, पण या साखळीने अमेरिकेचं राजकारण ज्याने हादरवलं तो उघड नकार त्यात कुठेच नाही. फिलाडेल्फिया, सिरॅक्यूज, बॉस्टनमधली माणसं, आणि त्यांतली बरीचशी काळी, भर वस्तीत कार्यालय थाटून, वर्गणी गोळा करून, जमाखर्च ठेवून देशाचा कायदा मोडत होती आणि मोडतो म्हणून सांगतही होती. लपणं ही पळणाऱ्याची गरज होती. मदत करणाऱ्यांनीही तोंड लपवूनच मदत केली, असं आपण उगाच धरून चाललो आहोत.

आता गोधड्यांचं घ्या. या विषयातली ही सर्वांची लाडकी गोष्ट. म्हणे गुलामांच्या वस्तीत ठरावीक नक्षीची गोधडी कुंपणावर वाळत घातली जायची आणि प्रत्येक नक्षीला गुप्त अर्थ असायचा: निघायची तयारी करा, या दिशेने जा, पुढे आसरा आहे. अमेरिकेतल्या शाळांमध्ये मुलं रंगीत कागदाच्या गोधड्या चिकटवतात ती याच गोष्टीवरून. गोष्ट घरोघर पोचवली १९९९ साली आलेल्या एका पुस्तकाने, आणि त्याचा आधार होता एका कुटुंबात सांगितली जाणारी आठवण. पळून आलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या आत्मकथनांत ती नाही. १९३०च्या दशकात गुलामी भोगलेल्या २,३००हून अधिक वृद्धांच्या मुलाखती सरकारी योजनेत घेतल्या गेल्या, त्यांत ती नाही. भुयारांचंही तेच. ओहायो-पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या घरांचे मालक आपल्या तळघरातलं भुयार पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात. त्यांतली बहुतेक कोळसा नाहीतर बटाटे साठवायची निघतात.

मुलांना आवडते ना, मग बिघडलं कुठे, असं कुणी विचारेल. बिघडतं ते असं की गोष्ट जितकी गोड, तितकं पळणं सोपं वाटायला लागतं. खुणा सगळीकडे होत्या, कंदील ठिकठिकाणी पेटले होते, मग चाळीस लाख माणसं थांबली कशाला? या प्रश्नाचं एक तयार उत्तर टबमनच्याच नावाने फिरत असतं: मी हजार गुलाम सोडवले, आपण गुलाम आहोत हे कळलं असतं तर आणखी हजार सोडवले असते. मराठीतही ते फिरतं, आणि आपल्याकडे पटकन रुजतं, कारण गुलामाला गुलामीची जाणीव करून द्या हे बाबासाहेबांच्या नावाने प्रसिद्ध असलेलं वाक्य कानात आधीच बसलेलं आहे. पण टबमन असं बोलल्याचा कुठलाही पुरावा नाही, आणि तिने हे बोलणंही शक्य नव्हतं. आपल्या माणसांना ऊठ म्हणून हाक देणं वेगळं, आणि जी माणसं उठून गेली नाहीत त्यांना अजाण ठरवणं वेगळं. मेरिलँडच्या शेतावर चाबूक खाणाऱ्या बाईला आपण गुलाम आहोत हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मग माणसं का थांबत होती, हे टबमनच्याच घरात दिसतं.

१८५४चा नाताळ. टबमन स्वतः १८४९मध्ये मेरिलँडच्या डॉर्चेस्टर काउंटीतून पळाली होती. मागे राहिलेल्या तीन भावांना नाताळानंतर लगेच विकणार अशी बातमी तिला लागली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिने दुसऱ्याकडून एक पत्र लिहवून घेतलं आणि गावाकडच्या जेकब जॅक्सन नावाच्या एका स्वतंत्र, साक्षर काळ्या माणसाला पाठवलं. पत्रात वरवर भक्तीच्या गोष्टी: भावांना सांग, प्रार्थनेत जागे राहा, झायनचं जुनं जहाज आलं की चढायला तयार असा. काळ्या माणसाचं पत्र गोरे टपालवाले आधी फोडून वाचत. त्यांना काही उमगलं नाही म्हणून त्यांनी जॅक्सनलाच विचारलं. त्याने वाचलं, म्हणाला, हे माझ्यासाठी नसावं, मला याचा काही अर्थच लागत नाही. आणि पत्र टाकून सरळ भावांकडे निरोप घेऊन गेला.

ठरल्या रात्री थोरला भाऊ रॉबर्ट वेळेवर आला नाही. त्याच्या बायकोला कळा लागल्या होत्या. मूल होईपर्यंत तो थांबला, मुलगी झाली, आणि मग बायकोला खोटंच काहीतरी सांगून तो निघाला. बाकीचे तोवर आईवडिलांच्या झोपडीजवळच्या कडब्याच्या खोपटात पोचले होते. म्हातारी रिट नाताळच्या जेवणाला मुलं येणार म्हणून दाराशी वाट बघत होती आणि मुलं फटीतून तिला बघत होती. तिला सांगितलं नाही, कारण ती हंबरडा फोडेल आणि सगळे पकडले जातील. बाप बेन रॉसला सांगितलं. तो खायला घेऊन आला तो मुलांकडे न बघता. उद्या मालकाने विचारलं तर खोटं बोलावं लागू नये, म्हणून: मी माझ्या मुलांना पाहिलेलं नाही. निरोप द्यायला तो काही अंतर त्यांच्याबरोबर चालला तो तर डोळ्यांवर रुमाल बांधूनच. डोळ्यांवर कातडं ओढून बसलेले संभावित लोक त्या देशात लाखोंनी होते. डोळे बांधूनही सगळं बघणारा हा एक.

चार दिवसांनी ही मंडळी डेलावेअरच्या विल्मिंग्टनमध्ये थॉमस गॅरेट या क्वेकर (गुलामीला विरोध करणाऱ्या ख्रिस्ती पंथातल्या) व्यापाऱ्याकडे पोचली. २९ डिसेंबरच्या गॅरेटच्या पत्रात नोंद आहे की हॅरिएट आणि एका पुरुषाच्या पायांतले जोडे पार झिजून गेले होते, म्हणून सोय करायला दोन डॉलर दिले. मला हे दोन डॉलर सगळ्या भुयारांपेक्षा मोलाचे वाटतात.

टबमनच्या फेऱ्या सुमारे १३ आणि तिने स्वतः आणलेली माणसं सुमारे ७०, असं आजचं संशोधन सांगतं. तिच्या पहिल्या चरित्रकर्तीने १९ फेऱ्या आणि ३०० माणसं लिहून ठेवली, आणि अजून कितीतरी ठिकाणी तेच छापलं जातं. सत्तर माणसं म्हणजे काही कमी झालं का? एकेकाला आणायला काय पडत होतं हे कळलं की सत्तरचा आकडा आपोआप मोठा होतो. १८६०च्या अखेरच्या फेरीत ती बहीण रेचल आणि तिच्या दोन मुलांना आणायला गेली. बहीण आधीच वारली होती. मुलांना बाहेर काढण्यासाठी ३० डॉलर लाच द्यावी लागणार होती. ते जवळ नव्हते. मुलं तिथेच राहिली.

तीस डॉलर नव्हते म्हणून दोन मुलं गुलामीत राहतात, तेव्हा ही चळवळ मुळात पैशांची, पत्त्यांची आणि कागदांची होती हे लक्षात येतं. इथे विल्यम स्टिल आणि त्याची वही येते.

स्टिल १८२१ साली न्यू जर्सीत जन्मला, अठरा भावंडांतला धाकटा. १८४७ साली फिलाडेल्फियातल्या गुलामीविरोधी संस्थेच्या कार्यालयात तो कारकून म्हणून लागला, झाडलोटही त्याच्याकडेच होती. पुढे १८५२पासून पळून आलेल्यांना सांभाळणाऱ्या दक्षता समितीचा तो प्रमुख. आलेल्या प्रत्येकाला तो समोर बसवून विचारायचा आणि लिहून घ्यायचा: नाव, वय, मालक कोण, कसा वागवायचा, मागे कोण राहिलं, नवं नाव काय घेतलंत. शेजारी जमाखर्च: भाडं, जोडे, जेवण, तार. कायदा मोडणाऱ्या संघटनेने आपल्याच गुन्ह्याचा असा तपशीलवार पुरावा लिहून ठेवणं शहाणपणाचं होतं का? १८५९मध्ये गुलामांचं बंड उभारायला निघालेल्या जॉन ब्राउनने हार्पर्स फेरी इथल्या सरकारी शस्त्रागारावर केलेल्या हल्ल्यानंतर धरपकड सुरू झाली तेव्हा त्याला हे कागद लपवावे लागले. तरी त्याने ते जाळले नाहीत. त्याचं कारण १८५०च्या ऑगस्टमधल्या एका दिवसात आहे.

त्या दिवशी अलाबामातून आलेला पन्नाशीचा एक माणूस कार्यालयात आला. नाव पीटर. आपली किंमत स्वतःच साठवून त्याने स्वातंत्र्य विकत घेतलं होतं आणि चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी ताटातूट झालेल्या आईवडिलांना तो शोधत होता. आडनाव ठाऊक नव्हतं. आईचं नाव सिडनी, बापाचं लेव्हिन, एवढंच. टेबलामागे बसलेला कारकून ऐकता ऐकता गप्प झाला. ती त्याच्याच आईबापांची नावं होती. आई सिडनी एकदा चारही मुलं घेऊन पळाली होती आणि पकडली गेली होती; दुसऱ्यांदा पळताना तिने दोन मुली घेतल्या आणि दोन मुलगे मागे ठेवले, थोरला लेव्हिन आणि सहा वर्षांचा पीटर. विल्यम त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मला. लेव्हिन गुलामीतच मार खाऊन मेला होता. पीटर हा समोर.

यानंतर स्टिलने नोंदी अधिक काटेकोर ठेवायला घेतल्या, अशाच तुटलेल्या माणसांना एकमेकांचा माग लागावा म्हणून. म्हणजे ही वही काही पराक्रमाची बखर म्हणून सुरू झालेली नव्हती. गुलामीने घरंच्या घरं मोडली, नावं पुसली; ती जुळवायचं ते एक साधन होतं.

पीटरची बायको आणि मुलं अलाबामातच होती. त्यांना आणायला सेथ कॉंक्लिन हा गोरा माणूस आपणहून गेला. होडीने शेकडो मैल कापून त्याने त्यांना इंडियानापर्यंत आणलंही. तिथे सगळे पकडले गेले. कुटुंब परत पाठवलं गेलं आणि कॉंक्लिनचं प्रेत बेड्यांसकट नदीत सापडलं. शेवटी पीटरने गावोगाव भाषणं देत ५,००० डॉलर जमवले आणि आपलीच बायकापोरं मोल देऊन आणली.

कॉंक्लिनचं नाव मी मुद्दाम घेतो. गोऱ्या मदतनीसांचं श्रेय नाकारायचं मला काही कारण नाही. कॅल्व्हिन फेअरबँकने केंटकीच्या तुरुंगात एकूण सतरा वर्षं काढली. चार्ल्स टोरी मेरिलँडच्या तुरुंगातच वारला. सहकार्य होतंच. प्रश्न आहे तो मुख्य नायकाच्या जागी कोण बसतं हा. १८९८ साली विल्बर सीबर्ट या ओहायोतल्या प्राध्यापकाने या चळवळीचा पहिला मोठा इतिहास लिहिला. त्याने म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पत्रं पाठवून आठवणी मागवल्या आणि तीन हजारांवर नावांची यादी केली. यादीत बहुतेक नावं गोरी. साहजिक आहे, पत्रं ज्यांच्या घरी गेली त्यांनी आपल्या आजोबांचं नाव कळवलं. गुलामीच्या टापूतलं काम, म्हणजे पहिला आणि सर्वात जिवावरचा टप्पा, बहुतांशी काळ्या माणसांनीच निभावलं, ती या यादीत कुठून येणार? जेकब जॅक्सनला कुणी प्रश्नावली पाठवली नसती. डॉर्चेस्टरचाच सॅम्युएल ग्रीन हा काळा धर्मोपदेशक पळणाऱ्यांना मदत करतो असा संशय होता. घराची झडती घेतली, पुरावा मिळाला नाही. मिळाला तो कॅनडाचा नकाशा आणि गुलामीविरोधातली एक गाजलेली कादंबरी. १८५७ साली ती कादंबरी बाळगल्याबद्दल त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. गोऱ्या गृहस्थाच्या कपाटात तीच कादंबरी म्हणजे वाचनाची आवड.

आता कायद्याकडे येऊ, कारण गोधडीच्या गोष्टीत तोही येत नाही. सप्टेंबर १८५०मध्ये अमेरिकी काँग्रेसने फरारी गुलामांचा नवा कायदा केला. पकडलेल्या माणसाला ज्यूरी नाही. त्याला स्वतःच्या बाजूने साक्ष द्यायची परवानगी नाही. निवाडा करणारा कमिशनर. त्याने माणूस मालकाच्या ताब्यात दिला तर त्याला फी १० डॉलर, आणि सोडून दिला तर ५. ताब्यात द्यायचं तर कागदपत्रं जास्त करावी लागतात, ही त्यावरची मखलाशी. मदत करणाऱ्याला १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. आणि सर्वात कडी म्हणजे फरारी पकडायला मार्शल, म्हणजे केंद्र सरकारचा अंमलदार, रस्त्यावरच्या कुठल्याही नागरिकाला बोलावू शकत होता आणि जाणं हे त्याचं कर्तव्य होतं.

या शेवटच्या कलमाने सगळं पालटलं. तोपर्यंत उत्तरेतला सज्जन माणूस म्हणू शकत होता की गुलामी दक्षिणेत आहे, माझा काय संबंध. आता संबंध त्याच्या दारात आला. आणि ज्यांनी नकार दिला त्यांना तो चारचौघांत द्यावा लागला. १८५१च्या ऑक्टोबरमध्ये सिरॅक्यूजमध्ये जमावाने फरारी म्हणून धरलेल्या जेरी नावाच्या माणसाला पोलीस ठाण्याची दारं फोडून सोडवलं. त्याआधी तीनेक आठवडे पेनसिल्व्हेनियातल्या ख्रिस्तियाना गावी विल्यम पार्कर आणि त्याच्या काळ्या साथीदारांनी घरावर आलेल्या मालकाला हत्यारांनी उत्तर दिलं, मालक ठार झाला, आणि सरकारने ३८ जणांवर देशद्रोहाचा खटला भरला. तो टिकला नाही.

बॉस्टनचं १८५४चं प्रकरण तर सरकारवरच उलटलं. फरारी म्हणून पकडलेल्या अँथनी बर्न्स या एका माणसाला जहाजापर्यंत न्यायला रस्त्यांवर सैन्य उभं करावं लागलं, दुकानांवर काळी कापडं लागली, हजारो लोक दुतर्फा धिक्कार करत उभे राहिले. एका माणसाला गुलामीत परत पाठवायला सरकारचे हजारो डॉलर गेले आणि पुढे त्याच बर्न्सला लोकांनी १,३०० डॉलर वर्गणी काढून मोकळं केलं. निवाडा देणाऱ्या कमिशनर एडवर्ड लोरिंगला मॅसॅच्युसेट्सने १८५८ साली न्यायाधीशपदावरून काढलं. बर्न्सनंतर त्या राज्यातून कुणालाही परत नेता आलं नाही. आदल्या रात्रीपर्यंत 'आपण बरं, आपलं काम बरं' म्हणणारे व्यापारी त्या मिरवणुकीनंतर गुलामीचे कट्टर विरोधक झाले. एवढं कुठल्या तळघराने केलं नसतं.

यावर एक वजनदार आक्षेप आहे, आणि तो गुलामीतून सुटून चळवळीचा नामवंत वक्ता झालेल्या फ्रेडरिक डग्लसचा आहे. तो स्वतः १८३८ साली खलाशाच्या वेशात, दुसऱ्याचे कागद दाखवून आगगाडीने बाल्टिमोरहून निसटला. १८४५च्या आत्मचरित्रात त्याने ही युक्ती सांगितली नाही आणि जाहीर बढाया मारणाऱ्या मित्रांना खडसावलं: तुम्ही मालकांनाच सावध करता आहात. हेन्री ब्राउन १८४९मध्ये तीन फूट लांब, दोन फूट आठ इंच खोल, दोन फूट रुंद खोक्यात बसून पार्सलने रिचमंडहून फिलाडेल्फियाला आला, सत्तावीस तासांचा प्रवास, काही वेळ डोकं खाली आणि पाय वर. खोकं उघडलं तेव्हा स्टिल तिथे हजर होता. ही बातमी गाजली, आणि रिचमंडमध्ये ते खोकं पाठवणारा सॅम्युएल स्मिथ पुढची खोकी पाठवताना पकडला जाऊन तुरुंगात गेला. डग्लस म्हणाला, गाजावाजा केला नसता तर वर्षाला हजार बॉक्स ब्राउन आले असते.

डग्लसचं बरोबर आहे. फक्त तो बोलतो आहे युक्तीबद्दल. युक्ती, वाट, वेळ, मागे राहिलेल्यांची नावं हे सगळं झाकलंच पाहिजे. पण आम्ही मदत करतो, करत राहू, हा आमचा पत्ता, हे झाकायचं कारण नव्हतं, आणि स्वतः डग्लसनेही रोचेस्टरमध्ये ते कधी झाकलं नाही. कोण आलं ते गुप्त, दार आहे हे जाहीर.

हे मराठी वाचकाला समजायला जड जाऊ नये. १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी हाच मार्ग धरला. विधवांनी इथे येऊन गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवावं, अशा जाहिराती त्यांनी भिंतींवर लावल्या. येणारीचं नाव झाकलेलं. घर मात्र सगळ्या पुण्याला माहीत. हेच जोतीराव दहा वर्षांनी 'गुलामगिरी' छापतात आणि ती अर्पण करतात अमेरिकेतल्या 'सदाचारी लोकांना', गुलामांच्या मुक्तीसाठी दाखवलेल्या औदार्याबद्दल, आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा या आशेने. त्या अर्पणपत्रिकेवर आपल्याकडे भाषणं पुष्कळ होतात. भाषणांत त्या सदाचारी लोकांचा चेहरा बहुतेक वेळा लिंकनचा असतो. तसं करण्याची जोतीरावांनी सक्ती केलेली नाही. 'गुलामगिरी'च्या आदल्याच वर्षी, १८७२मध्ये, विल्यम स्टिलने लपवलेले कागद बाहेर काढून त्यांचं जाडजूड पुस्तक छापलं. पुढच्या वेळी अर्पणपत्रिका वाचताना त्या सदाचारी लोकांत स्टिल, बेन रॉस आणि जेकब जॅक्सन यांनाही धरायला काय हरकत आहे? शूद्रातिशूद्रांनी स्वतःच्या सुटकेचं काम स्वतः हाती घेणं हा तर सत्यशोधकांचा आग्रहच होता.

पळून गेलेले एकूण किती? १८६०च्या जनगणनेत वर्षभरात पळालेले ८०३ इतकेच नोंदले गेले. १८३० ते १८६०च्या काळासाठी इतिहासकार एरिक फोनर यांचा अंदाज वर्षाला एक ते पाच हजारांचा. गुलामांची संख्या १८६० साली ३९,५३,७६०. हिशेबाच्या भाषेत दक्षिणेचं नुकसान चिल्लर होतं. तरीही २४ डिसेंबर १८६०ला साउथ कॅरोलायनाने संघराज्यातून फुटण्याची कारणं जाहीर केली, त्यात उत्तरेतल्या राज्यांची नावानिशी यादी दिली: ही राज्यं आमचे पळालेले गुलाम परत करत नाहीत, त्यासाठी केलेला कायदा पाळत नाहीत. साउथ कॅरोलायनातून उत्तरेला पोचणारे तर मूठभरच. राज्यांच्या हक्कांसाठी आम्ही यादवी युद्ध लढलो, असं पुढे शंभर वर्षं सांगणाऱ्यांनी फुटताना केलेली तक्रार ही होती की उत्तरेतली राज्यं आपले हक्क वापरतात. नुसत्या रात्रीच्या पळण्याने मालक इतके बिथरले नसते. पळणं दर पिढीत होतंच. त्यांना झोंबली ती उत्तरेतल्या शहरांची 'देत नाही, काय करायचं ते करा' ही भाषा.

ही भाषा सर्वात ठसठशीत बोलला तो सिरॅक्यूजचा जर्मेन लोग्वेन. १८३४ साली टेनेसीतून मालकाची घोडी घेऊन पळालेला, पुढे धर्मोपदेशक झालेला. त्याच्या घरी पळून आलेल्यांना आसरा मिळतो हे वर्तमानपत्रांत छापून येत असे, आणि तो उजळ माथ्याने त्याच गावात राहत होता. १८५०चा कायदा झाला तेव्हा भर सभेत त्याने सांगितलं की या कायद्याला मी मानत नाही, भीत नाही आणि पाळणार नाही. मित्र म्हणत होते, स्वतःला विकत घेऊन कागदोपत्री मोकळा हो. त्याने ते कधीच केलं नाही.

शाळेत या विषयावर काही शिकवायचंच असेल, तर गोधड्या चिकटवण्याऐवजी १८६०मधली दोन पत्रं आठवी-नववीच्या मुलांपुढे ठेवावीत असं मला वाटतं. पहिलं लोग्वेनच्या जुन्या मालकाच्या बायकोचं, सारा लोग हिचं. मी लंगडी झाले आहे, तू पळालास आणि आमची चांगली घोडी नेलीस, त्यामुळे आमचं नुकसान झालं, तुझी भावंडं एब आणि अ‍ॅन यांना विकावं लागलं, थोडी जमीनही गेली. तू १,००० डॉलर पाठव म्हणजे मी तुझ्यावरचा हक्क सोडते, नाहीतर तुला दुसऱ्या कुणाला विकेन. आणि वर हेही, की आम्ही तुला आमच्या मुलांसारखंच वाढवलं. मुलं एवढं वाचूनच बोलायला लागतील. त्यांना प्रश्नोत्तरं द्यावी लागणार नाहीत. दुसरं पत्र लोग्वेनचं उत्तर, त्याने ते छापायलाच दिलं. तुम्ही तुमची मुलं बाजारात विकायला वाढवलीत का, चाबकाच्या खांबासाठी वाढवलीत का, असं तो विचारतो, आणि एक पैसाही पाठवणार नाही म्हणून बजावतो. चोरीच्या आरोपालाही तो उत्तर देतो. घोडीवर माझा जितका हक्क होता तितका तरी तुमच्या नवऱ्याचा, मनासेथ लोगचा, माझ्यावर होता का? मी त्याची घोडी नेली हे पाप, तर माझ्या आईचा पाळणा लुटून त्याने मला नेलं ते काय?